द्वारकाताईंचा राहिलेला प्रश्न

द्वारकाताई, तुम्ही असता तर पहिल्याच ओळीला मला अडवलं असतं. “भाऊ, माणूस गेल्यावर मागं आत्मा-बित्मा काय उरत नाय म्हणता, मग हे बोलताय कुणाशी?” मग मी चष्मा काढून पुसला असता, घसा खाकरला असता, आणि तेवढ्यात कुणीतरी चहा आणला असता. वेळ काढणं मला छान जमतं. पंचवीस वर्षं विहारात रविवारचा धम्मवर्ग घेतोय, तेवढं तरी शिकलोच.

कुणाशी बोलतोय ते मला सांगता येणार नाही. तुम्हाला जाऊन आज नववा दिवस. परवा तुमच्या घरी जलदान विधी झाला, तो मीच केला. घरी आलो, जेवलो, आडवा झालो, आणि डोळ्यांसमोर तुम्हीच. तुमची मंगलवहिनी म्हणाली, “त्यांच्याशी बोलायचंच असेल तर लिहून काढा. मनातल्या मनात पुटपुटताय ते बरं दिसत नाही.” म्हणून लिहितोय. तुमच्यावर लेख लिहायचा तर जन्म कुठला, नोकरी कुठली, पश्चात कोण कोण, असं सगळं यायला हवं. ते तुमच्या लेकीनं, सुजातानं, पेपरात दिलंय. मला वेगळंच बोलायचंय.

तुम्ही वर्गात पहिल्यांदा आलात तो रविवार मला आठवतो. तुमचे मिस्टर माझ्याच कारखान्यात, माझ्याच शिफ्टला होते, त्यामुळे ओळख जुनी. मी सातपूरला टर्नर, तीस वर्षं लेथवर उभा राहिलो. सुटीच्या दिवशी पांढरे कपडे घालून वंदना घ्यायचो, लोकांची लग्नं लावायचो, माणूस गेलं की विधी करायचो. कॉलनीनं त्यातून मला बौद्धाचार्य केलं आणि टर्नरचा ‘सर’ झाला. तुम्ही मात्र शेवटपर्यंत भाऊच म्हणालात. सुरुवातीला मला ते थोडं खटकायचं, हेही आता सांगून टाकतो.

तुम्ही पहिल्या रांगेत, खांबाला टेकून बसलात. वंदना झाली, पंचशील घेतलं, मी विचारलं, कुणाला काही शंका? ही विचारायची एक पद्धत असते. विचारायचं, तीन मोजायचे आणि पुढं जायचं. मी दोनवर होतो तेवढ्यात तुमचा हात वर. “भाऊ, शील आपण दर रविवारी घेतो. मग मागच्या रविवारी घेतलेलं कुठं जातं?” सगळे हसले. मीही हसलो. पण उत्तर द्यायला गेलो आणि लक्षात आलं, की आपण पाठ केलेलं आहे, विचार केलेला नाही.

पुढं हे दर रविवारचं झालं. सगळं अनित्य म्हणता, मग धम्म पण अनित्य का? भाजीवर औषध फवारणाऱ्यानं जीव न मारायचं पहिलं शील कसं पाळायचं? मैत्री सगळ्यांवर करायची, तर सासूवर आधी करायची का शेवटी? बायका खुसखुसायच्या. लिहिता-वाचता तुम्हाला जेमतेम यायचं, पण तुमचा प्रश्न बरोबर सांध्यावर पडायचा. मी एकदा चिडून विचारलं, हे असं उलटं बघायला शिकवलं कुणी? तुम्ही म्हणालात, “आमच्या येवल्यानं. लहानपणी हातमागावर कांड्या भरायला जायचे मी. शेटजी पैठणीचा पदर आधी उलटा करून बघायचे. सुलटा काय, कुणीबी दाखवतं.”

ताई, तुमच्यामुळे मी शनिवारी अभ्यास करायला लागलो, हे तुम्हाला कधी कळलं नाही. कामावरून यायचो, अंघोळ करायचो आणि पुस्तकं काढून बसायचो. उद्या ही बाई काय विचारेल, याची धास्ती असायची. ती चांगली धास्ती होती. त्या तीनचार वर्षांत मी जे वाचलं, त्यावरच आजपर्यंत निभावलंय.

पण धास्तीचा कधी ना कधी राग होतो. आम्हा शिकवणाऱ्यांकडे अडचणीच्या प्रश्नासाठी ठेवणीतली उत्तरं असतात. ‘फार चांगला प्रश्न आहे’ म्हणायचं आणि दुसऱ्याकडे वळायचं. ‘हे पुढच्या रविवारी सविस्तर घेऊ’ म्हणायचं. ‘आधी ध्यानाला बसा, आपोआप कळेल’ हे तर फारच सोयीचं, कारण नाही कळलं तर दोष विचारणाऱ्याचा. आणि अगदीच गळ्याशी आलं तर पाली. पालीपुढं कॉलनीत कुणाचं काही चालत नाही. ही सगळी मी तुमच्यावर वापरली. तुम्ही दर वेळी “बरं भाऊ” म्हणायचात आणि पुढच्या रविवारी तोच प्रश्न परत घेऊन यायचात.

एका पावसाळ्यात एक म्हातारे भिक्खू, भन्तेजी, वर्षावासाला आपल्या विहारात तीन महिने राहायला होते, आठवतं? तुम्ही त्यांनाही तो शिळ्या शीलाचा प्रश्न टाकला. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. म्हणाले, “मीही रोज घेतो बाई. रोज सांडतं म्हणून रोज भरतो.” एवढंच. तुमचं समाधान झालेलं मला दिसलं आणि, खोटं कशाला बोलू, मला हेवा वाटला. नंतर मी त्यांच्याजवळ तुमची तक्रार केली. म्हटलं, भन्ते, ताई फार वाद घालतात. त्यांनी विचारलं, “त्या हे सगळं का विचारतात, ते तुम्ही त्यांना कधी विचारलंत?” मी म्हटलं, सवयच आहे त्यांना. त्यांचं म्हणणं तेव्हाच मनावर घेतलं असतं तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

आता त्या रविवारचं. टाळत टाळत इथवर आलो.

त्या दिवशी नाशिकरोडच्या विहाराची पाच माणसं आपला वर्ग बघायला आली होती. आपले अध्यक्ष साळवेसाहेब त्यांना घेऊन पुढं बसले होते. मी जरा रंगात होतो. माझी ठरलेली गोष्ट मी काढली. निफाडकडच्या आमच्या गावात तरुणपणी आम्ही पोरांनी धम्म घेतल्यावरही घराघरांतून राहिलेले देव कसे गोळा केले, म्हाताऱ्या बायका कशा लपवायच्या, कुणी चुलीमागं, कुणी धान्याच्या कणगीत, आणि आम्ही कसे शोधून काढायचो. ही गोष्ट मी किमान वीस वेळा सांगितली असेल. हमखास टाळ्या पडायच्या, तशा पडल्या.

तुम्ही हात वर केलात. “त्या म्हाताऱ्या रडल्या का, भाऊ?”

रडल्या असतील, मी म्हटलं. पण पुढं शहाण्या झाल्या.

“अन् ज्या नाय झाल्या?”

मी हसून टाळलं. तुम्ही खाली बसला नाहीत. तुमचा आवाज त्या दिवशी वेगळा होता. मला तो तेव्हा उद्धट वाटला, आता कळतं की तो कापत होता. तुम्ही म्हणालात, “जलदानाला आपण पाण्याची धार सोडतो. पाणी जसं खाली पोचतं तसं आमचं पुण्य गेलेल्याला पोचो, असं म्हणतो. आत्मा तर नाय म्हणता. मग पोचतं कुणाला? अन् ज्या माणसानं शीलच घेतलं नाय, जुन्यातच मेलं, त्याच्या नावानं सोडली धार, तर चालतं का?”

पाच पाहुणे माझ्याकडे बघत होते. ‘माहीत नाही, ताई’ एवढं म्हणायला काय लागलं असतं? पण टाळ्या पडून दोन मिनिटंही झाली नव्हती. मी म्हणालो, आणि शब्द न् शब्द मला आठवतो, “ताई, येवला सोडून तुम्हाला पस्तीस वर्षं झाली, पण तुमच्या डोक्यातली कणगी अजून रिकामी झालेली दिसत नाही. बघा एकदा आत हात घालून, एखादा देव सापडेल.”

केवढे हसले सगळे. साळवेसाहेब तर मांडीवर थाप मारून हसले. आपल्या माणसांत याच्याइतका वर्मी लागणारा शब्द दुसरा नाही, हे मला माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच मी तो वापरला. चोर म्हटलेलं परवडतं, पण हिचं जुनं गेलं नाही असं चारचौघांत म्हटलं की माणूस मान वर करू शकत नाही. तुम्ही हात जोडलेत, “बरं भाऊ, चुकलं” म्हणालात आणि बसलात.

घरी जाताना मंगल म्हणाली, “बाईमाणसाला असं बोलायचं नव्हतं.” मी तिला म्हटलं, वर्गाला शिस्त लागते.

ताई, तुम्ही वर्ग सोडला असता तर बरं झालं असतं. निदान मला टोचलं असतं. पण तुम्ही येत राहिलात. सहा वर्षं. फक्त मागच्या भिंतीला बसायला लागलात. पौर्णिमेला खीर तुमचीच, सतरंज्या झाडून घड्या घालणं तुमचं, आजारी पडलेल्या भन्तेंना डबा तुमचा. प्रश्न एकही नाही. आणि मी काय समजलो? मी समजलो, ताईंना उमगलं. नवीन पोरं फार प्रश्न विचारायला लागली की मी तुमच्याकडे बोट दाखवायचो. “या द्वारकाताई बघा, एके काळी माझा घाम काढायच्या. आता कशा शांत झाल्या. श्रद्धा आली की शंका जाते.” तुम्ही खाली बघून हसायचात. शनिवारचा माझा अभ्यासही त्याच सुमाराला सुटला. गरजच उरली नव्हती.

एकदा मात्र तुम्ही तोंड उघडलं होतंत. सातपूरच्या स्टॉपवर, दोन वर्षांपूर्वी. सकाळचे अकरा वाजले असतील, तुम्ही मंडईतून येत होतात, मी पेन्शनच्या कामाला निघालो होतो. थोडं इकडचं तिकडचं झालं. मग तुम्ही पिशवी या हातातून त्या हातात घेतलीत आणि म्हणालात, “भाऊ, एक इचारायचं व्हतं.” मी म्हटलं, विचारा की. तुम्ही माझ्या तोंडाकडे बघितलंत. माझ्या तोंडावर काय दिसलं तुम्हाला, कोण जाणे. म्हणालात, “काय नाय. मेथी लय चांगली आलीय, वहिनींना सांगा.” तेवढ्यात बस आली. ताई, तुमच्या ओठांवर काहीतरी आलं होतं हे मला कळलं होतं. आणि बस आली म्हणून मला सुटल्यासारखं वाटलं. तुमच्या माझ्यातल्या सगळ्या गोष्टींत ही मला सगळ्यात जास्त लागते. वर्गात मी संतापात बोललो, एक वेळ मान्य. स्टॉपवर मला कसला संताप होता?

परवा सकाळी तुमच्या घरी आलो. माणसं जमत होती. तुमचा फोटो मांडला होता, पांढरी फुलं होती. तांब्या, वाटी, ताट कुठं आहे बघायला मी स्वयंपाकघरात गेलो, तर सुजाता तिथं एकटीच उभी होती. ती निफाडला शाळेत शिकवते, बोलायला धीट आहे, पण त्या दिवशी अडखळत होती. म्हणाली, “सर, पाणी सोडताना आईच्या नावाबरोबर अजून एक नाव घ्याल का? ठकूबाई. आईची आई.”

मी म्हटलं, घेऊ की. पण ताई कधी बोलल्या नाहीत मला.

“बोलली होती की. एकदा वर्गात विचारलं होतं तिनं. तुम्ही चिडलात म्हणाली.”

मग तिनं सांगितलं. तुमच्या गावानं धम्म घेतला तेव्हा सगळ्यांनी देव विहिरीत सोडले. तुमच्या आईला एक सोडवला नाही, तिच्या माहेरून आलेला देवीचा टाक. तिनं तो कणगीत, ज्वारीच्या तळाशी ठेवला आणि आयुष्यभर कुणाला कळू दिलं नाही. ती गेली, माणसं जेवू घालायची म्हणून ज्वारी काढली, तेव्हा सापडला. गावातली तरुण पोरं म्हणाली, ही आपली नव्हतीच, हिच्यासाठी वंदना नको. जुन्या रिवाजानं करायचं तर तुमच्या भावांनाच ते पटणारं नव्हतं. शेवटी काहीच झालं नाही. माती लोटली आणि लोक घरी आले. तुम्ही तेव्हा सतरा वर्षांच्या होतात.

“आई म्हणायची, माझी आय ना इकडची झाली ना तिकडची,” सुजाता म्हणाली. “तिच्या नावानं एकदा पाणी सोडायचं एवढंच होतं तिच्या मनात. पण सरांना चालत नाही म्हणाली. मी म्हटलं, तू सांग तर खरं त्यांना सगळं. तर म्हणाली, नको. त्यांच्याकडं उत्तर नसलं की त्यांना तरास होतो. चांगला माणूस हाय, उगा चारचौघांत कशाला?”

माझ्या हातात तांब्या होता. तो मी ओट्यावर ठेवला. मी तुम्हाला कणगी म्हणालो होतो, ताई. जगातले सगळे शब्द सोडून.

तुमच्या आईच्या वेळची ती तरुण पोरं कोण असतील, हेही मला कुणी सांगायला नको. आमच्यासारखीच. कदाचित आजही कुठल्यातरी विहारात ती गोष्ट सांगून टाळ्या घेत असतील. जे विहिरीत गेलं ते जायलाच हवं होतं, त्यावर मी आजही ठाम आहे. त्या देवांनी आपल्याला काय दिलं होतं? पण म्हाताऱ्या बाईला तिच्या मातीवर दोन शब्द मिळू नयेत, असं आपल्याला कुणी शिकवलं होतं? तुम्ही मला नेमकं हेच विचारत होतात, आणि मला वाटलं, तुम्ही आत्म्याची बाजू घेताय.

विधीनंतर बोलायला मी एक कागद लिहून नेला होता. त्यात तुमच्या ‘निःशंक श्रद्धे’वर एक परिच्छेद होता. तो कागद मी खिशातच ठेवला. धार सोडली. तुमचं नाव घेतलं, मग म्हटलं, “आणि त्यांच्या आई, ठकूबाई.” मागून कुणीतरी विचारलं, कोण ठकूबाई? मी म्हटलं, “त्यांनी धम्म घेतला नव्हता. ताईंची इच्छा होती.” मग सगळ्यांनी एका आवाजात तीनदा ‘साधु’ म्हणून अनुमोदन दिलं. वाटी भरून पाणी ताटात सांडलं. सुजाता रडली. सगळं मिळून अर्धं मिनिट लागलं असेल. या अर्ध्या मिनिटासाठी तुम्ही साठीपर्यंत आईचं ओझं वागवलंत, आणि पुढची सहा वर्षं माझं.

ते कुणाला पोचलं, मला माहीत नाही. हेच उत्तर होतं, ताई. तेव्हाही एवढंच होतं.

मी तुम्हाला काय बोललो होतो, ते मात्र मला त्या बैठकीत सांगवलं नाही. सांगायचं ठरवून उभा राहिलो होतो. समोर तीच माणसं बसली होती, आणि मी पंचशीलावर दहा मिनिटं बोलून खाली बसलो. एवढा मी अजून आहे तसाच आहे.

निघताना दारात साळवेसाहेब माझ्यासाठी थांबले होते. बाकीचे पुढं जाईपर्यंत त्यांनी वाट बघितली. मग हळू आवाजात म्हणाले, “सर, आमची एक आत्या होती. पारूबाई. तिचंही असंच झालं होतं. तिचं नाव कधी घेता येईल का?”

मी म्हटलं, घेऊ की साहेब. पण एवढी वर्षं आपण रोज भेटतो. तुम्ही विहाराचे अध्यक्ष. तुम्ही कधी विचारलं का नाही?

साळवेसाहेबांनी माझ्याकडे बघितलं नाही. ते म्हणाले, “द्वारकाताईंनी विचारलं होतं ना, सर.”